साबुदाण्याची अकरा घरे

५ जानेवारी १९६४, चिखली
चहा कंपनीचे पत्र काल आले. एक मार्चपासून माझी बदली अकोल्याला. फेब्रुवारी संपायच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला देणार. चौदा वर्षे या भागात दुकानोदुकानी चहा पोहोचवतो आहे. अकोल्यात मला कोण ओळखणार?

पत्र खिशात ठेवूनच आज जानेफळला पंजाबरावाकडे गेलो. मेहकरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्याकडे ऐंशी एकर आहे, माझ्याकडे कंपनीची सायकल. तीन वर्षांमागे तो आईला घेऊन रामेश्वरला गेला होता. येताना सेलमला गाडी चुकली, आणि गाडीची वाट पाहत बसण्याऐवजी हा गडी साबुदाण्याचे कारखाने हिंडून आला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्या काड्याही गोणपाटात गुंडाळून आणल्या. आज विहिरीजवळ दोन एकर उभे आहे. शेतकी अधिकारी त्याला टॅपिओका म्हणतात, गडीमाणसे 'रामेश्वरचं रताळं' म्हणतात.

साबुदाणा कसा होतो हे मी आज जन्मात पहिल्यांदा पाहिले. खिळ्याने भोके पाडलेला पत्रा लाकडी चाकावर ठोकला आहे, त्यावर कंद खिसतात. खीस पाण्यात कालवून गाळला की दुधासारखे पाणी निघते आणि तळाशी सत्त्व बसते. ते ओलसर सत्त्व कापडाच्या झोळीत घालून दोन माणसे झोके देतात, आणि त्याचे आपोआप दाणे वळतात! अर्धा तास मी तिथून हललो नाही. मग कढईत हलके शेकून खळ्यावर धोतरे अंथरून वाळवायचे. ज्वारीची मळणी चार दिवसांपूर्वीच उरकली आहे, खळे सारवलेले तयारच होते. वेगळ्या जागेचा खर्च नाही.

पंजाबराव म्हणाला, "उकंड्या, तू मले एवढं पाहून दे, बाजारात आपल्या मालाले कोण कोण आडवा येते. तू दुकानं हिंडतोच. हाव म्हनला तं आठ एकर लावतो, कारखाना टाकतो, आन् तू त्याचा म्यानेजर."

"आन् नाही म्हनलो तं?"

"तं तू जाय अकोल्याले चहा पाजाले, मी लावतो संत्री."

दोन महिन्यांत दोघांनाही उत्तर द्यायचे आहे, कंपनीला आणि त्याला.

८ जानेवारी
जानेफळहून आणलेला पाच शेर साबुदाणा बायकोला, अन्नपूर्णेला दिला. "उसळ करून पाहा, बाजारच्यापेक्षा फरक वाटतो का सांग." तिने सूप घेतले आणि अंगणात निवडत बसली. दाणा मोत्यासारखा स्वच्छ, त्यात निवडायचे काय? पण बायकांच्या हाताला ती सवयच असते. ती बसली की भिंतीवरच्या चिमण्या खाली उतरतात आणि तिच्याभोवती टिपत राहतात. चिमण्यांना साबुदाणा आवडतो हे मला नवीनच.

बदलीबद्दल तिचे मत विचारले. म्हणाली, "अकोल्याले नळाचं पानी आहे म्हन्तात." एवढेच.

१३ जानेवारी
चिखलीच्या बाजारात बावीस किराणा दुकाने पाहिली. त्यातल्या एकोणीस दुकानांत साबुदाणा आहे, आणि एकोणीसही ठिकाणी सेलमचा. काही खामगावहून येतो, काही जालन्याहून. मी विचारले, दुसरीकडचा का ठेवत नाही? एक दुकानदार म्हणाला, "सेलमचाच येते म्हनून." हे काही उत्तर नव्हे, पण सगळे तेच देतात.

अहवालासाठी कच्ची टिपणे: सेलम हा एकच मोठा प्रतिस्पर्धी. भाड्यामुळे त्याचा माल आपल्यापेक्षा महागच पडणार. त्याशिवाय भगर, राजगिरा, शिंगाडा आणि बाजारात स्वस्त असली की रताळी. भगर सगळ्यात जास्त खपते. मात्र लोक भगर पोटासाठी घेतात आणि साबुदाणा जिभेसाठी, असे माझे निरीक्षण आहे.

संध्याकाळी अन्नपूर्णेला हे वाचून दाखवले. "आन् घेते कोण?" तिने विचारले. मी म्हटले, गिऱ्हाईक घेते. ती चुलीकडे वळली.

२३ जानेवारी
सकाळच्या बसने दुसरबीडला गफ्फारच्या किराणा दुकानात. रमजान चालू आहे. त्याने माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः थुंकीही गिळत नव्हता.

"उकंडरावभाऊ, एक सांगा," तो म्हणाला. "तुमचा उपास म्हन्जे काय भानगड आहे? आमच्यात दिवसभर काहीच नाही. तुमच्यात दिवसभर सगळंच, फक्त पोळीचं नाव घ्याचं नाही."

मी म्हटले, "म्हनूनच तं तुझं दुकान चालते."

तो पोट धरून हसला. मग कामाचे बोलला. "पाहा, माझ्या दुकानातून अख्ख्या गावच्या माताऱ्या उपासाचा साबुदाणा नेतात. कोनी पुसत नाही कोन्या हातचा आहे. दुरून आलेल्या मालाले सवाल नसतात. तुमचा जानेफळचा येऊ द्या, मंग पाहा किती सवाल येतात."

पडद्याआडून त्याची आई खैरुन्निसाबी म्हणाली, "बुखारवाल्या लेकराले आम्ही बी साबुदाण्याचीच खीर देतो. मले पाठवजो एक शेर. मी काही सवाल करनार नाही."

आजारी मुलांचा खप हा वेगळा मुद्दा अहवालात घ्यावा. गफ्फारचे 'सवाल' मात्र मला नीट समजले नाहीत. आपल्या भागातला माल म्हटल्यावर लोकांना उलट अभिमान वाटायला हवा.

३० जानेवारी
आज परीक्षा घेतली. एका ताटात सेलमच्या साबुदाण्याची उसळ, दुसऱ्यात आमची. कोणती कोणती ते अन्नपूर्णेलाच माहीत. गल्लीतल्या चार बायका बोलावल्या. तिघींनी आमचे ताट उचलले! समोरच्या गोजरबाई सगळ्यांत वडील, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण चव पक्की. त्यांनी दोन्ही घास सावकाश खाल्ले आणि आमच्या ताटावर हात ठेवला. "हा लुसलुशीत आहे. दुसऱ्याले वास मारते, पोत्याचा."

पोत्याचा वास! हा मुद्दा मी ठळक अक्षरांत लिहून ठेवला.

"तू छान शिजवलंस," मी अन्नपूर्णेला म्हटले.

"शिजवाले काय लागते," ती म्हणाली. "आधीचंच काम जास्त असते."

९ फेब्रुवारी
परवा महाशिवरात्र. याहून चांगली संधी नाही. अन्नपूर्णा भावाकडे मेहकरला गेली आहे, म्हणून मीच जानेफळहून अर्धे पोते आणले आणि कागदी पुड्या बांधून अकरा घरी दिल्या. पैसे घेतले नाहीत. "शिवरात्रीला हाच शिजवा आणि नंतर मला सांगा." गोजरबाईंनी पुडी कपाळाला लावली. "आपल्या मुलखाचा पयला साबुदाना," म्हणाल्या. सायकल घरी आणताना मी चक्क शीळ घालत होतो. कंपनीला नकाराचे पत्र कसे लिहायचे याची वाक्ये जुळवत होतो.

१० फेब्रुवारी
अन्नपूर्णा परतली. तिला अकरा घरांचे सांगितले. तिने पहिली गोष्ट विचारली ती ही: "निवडला होता का?"

"काय निवडायचंय त्यात?"

ती म्हणाली, "बाया निवडतीलच." आणि डब्यातला साबुदाणा भिजत घालायला गेली.

११ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उसळ उत्तम. उद्या घरोघर विचारायचे.

१२ फेब्रुवारी
सकाळी मी निघायच्या आतच गोजरबाई आल्या. अन्नपूर्णा विहिरीवर गेली होती. बाई ओट्यावर बसल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या. गाठ दिसेना, मीच सोडून दिली. आत एकच दाणा होता.

"काल घासात लागला. कडक. बाकीचा कसा, तोंडात विरघळते. हा नाही. मले दिसत नाही, उकंडराव. हे काय आहे ते पाहून सांगा."

मी दाणा उजेडात धरला. साबुदाणा शिजला की काचेसारखा होतो. हा पांढराच राहिला होता, टोकाशी बारीक काळा ठिपका. ज्वारी.

उपासाच्या तोंडात धान्य. विधवा झाल्यापासून बत्तीस वर्षांत यांची एक शिवरात्र मोडलेली नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"कच्चा राहिलेला साबुदाणा दिसतो," मी म्हणालो.

त्यांनी श्वास सोडला. "बरं झालं बाप्पा. रातभर डोळा लागला नाही." काठी टेकत गेल्या.

दाणा अजून टेबलावर आहे. आज एकाही घरी गेलो नाही.

१३ फेब्रुवारी
काल मी स्वतःला तीन कारणे दिली. एक, एका दाण्याने बाजार ठरत नाही. दोन, म्हातारीच्या मनाला शांती मिळाली. तीन, देव एवढा बारीक बघत नसेल. तिसरे कारण लिहिताना माझे मलाच हसू आले. देवाचे बघणे न बघणे मी कशाला ठरवू? खरे कारण चौथे आहे. मला इथेच राहायचे आहे आणि मॅनेजर व्हायचे आहे.

दुपारी अन्नपूर्णेने टेबलावरचा दाणा पाहिला. आत गेली आणि एक वाटी घेऊन आली. वाटीत मूठभर ज्वारी.

"हे काय?"

"तुमच्या पाच शेरातली. बाकी चिमन्यांनी खाल्ली."

मी ज्वारी बोटाने पसरून पाहिली. खळे! जिथे चार दिवस आधी मळणी झाली तिथेच आम्ही साबुदाणा वाळवला. सारवणात अडकलेले, भिंतीवरून वाऱ्याने येणारे, गड्यांच्या मुंडाशातून पडणारे दाणे. आणि आमची ज्वारी पांढरी टपोरी, साबुदाण्याच्याच मापाची. कच्चेपणी शेजारी ठेवले तर कोण ओळखेल?

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगाचं काय त्यात? निवडल्याशिवाय कोनी शिजवते का? तांदूळ निवडतो, डाळ निवडतो." मग म्हणाली, "तुम्ही दुकानवाल्यायले पुसून राह्यले होते. मले वाटलं, घरातलं तुमच्या कामाचं नाही."

गोजरबाईंना मी काय सांगितले ते तिला सांगितले. तिने वाटी उचलली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

१६ फेब्रुवारी
दोन दिवस घरोघर हिंडलो. हे लिहायला बसलो आहे तर सुरुवात कुठून करावी कळत नाही.

पहिले घर रुखमाबाईंचे. मी विचारले, साबुदाण्यात काही सापडले का?

"सापडला एक कडक दाना, गिळल्यावर जिवाले घोर लागला. पन दुसऱ्या दिशी गोजरबाईनं सांगितलं, उकंडराव म्हन्ले तो कच्चा साबुदाना आहे. म्हनून उपास मोडला नाही असं धरलं."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर सून सासूला म्हणाली, "पाहा, मी म्हनत होते जवारी आहे, तुम्ही म्हने उकंडराव खोटं कायले सांगतील." माझे वाक्य माझ्या आधीच सगळीकडे पोहोचले होते. चौदा वर्षे चहा विकला, एवढ्या लवकर कधी काही पोहोचले नाही.

प्रत्येक घरी मी उभ्याने सांगितले, ती ज्वारीच होती, मी खोटे बोललो. कोणी ओरडले नाही. बरे झाले असते ओरडले असते तर.

अहवालाच्या दृष्टीने जे कळले ते असे. सहा घरी बायकांनी निवडताना ज्वारी पाहिली आणि बाजूला काढली. त्यात त्यांना काही विशेष वाटले नाही. तीन घरी कडक दाणा तोंडात आला, पोटात गेला, आणि माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून त्यांनी उपास मोडला नाही असे धरले. सरस्वतीबाईंकडे दाणा निघाला तेव्हा त्या कोणाला बोलल्याच नाहीत. "मी गुपचूप गिळला," त्या कानाशी येऊन म्हणाल्या. "थुकला असता तं घरच्यांनी पाह्यलं असतं, मंग उपास मोडला असता. गिळला तं कोनाले माईत?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

अकरावे घर गोजरबाईंचे. ते मी शेवटी ठेवले होते.

त्या दाराशी तुळशीला पाणी घालत होत्या. मी सांगितले. त्या तांब्या हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"मंग मोडला," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे मोडला."

"दान्यानं मोडला. तुमच्यामुळं मी गावभर खोटं सांगत फिरले." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "बसा. चहा घ्या. तुमचाच आहे."

चहा करता करता चुलीकडे तोंड ठेवून बोलत होत्या. "वीस वर्सं सेलमचा खाल्ला. त्यात काय होतं काय नव्हतं, म्या कोनाले पुसलं? पुसाले तो सेलमवाला कुठं होता? तुम्ही समोर राहता. म्हनून पुसाले आले."

मी विचारले, पुढे तुम्ही जानेफळचा साबुदाणा घ्याल का?

"माह्या डोळ्यानं निवडनं होत नाही. सून नेली पोरानं पुन्याले. ज्याले निवडा लागत नाही तो घेईन. पोत्याचा वास आला तरी चालते."

उद्या सोमवारी त्या पुन्हा उपास धरणार आहेत. अन्नपूर्णाही.

१८ फेब्रुवारी
सेलम ज्या गोष्टीने आपल्यावर भारी पडतो ती शेवटी सापडली. भाव नाही, चव नाही, वजनही नाही. वर्षाचे सगळे उपास धरतात त्या म्हाताऱ्या बायका, त्यांचेच डोळे गेलेले असतात. सगळ्यात जास्त साबुदाणा तेच घेतात ज्यांना तो निवडता येत नाही. सेलमच्या अंगणात त्या मालाशिवाय दुसरे काही वाळत नसावे, म्हणून तो न निवडता चालतो. आमच्या जानेफळात ज्वारी कुठे नाही? पोत्यात, बैलगाडीत, बायकांच्या ओच्यात, माझ्या सायकलच्या पिशवीत. आज गंमत म्हणून पिशवी झटकली, सात दाणे निघाले.

अन्नपूर्णेने हे ऐकले आणि म्हणाली, "घेते कोण, हे मी जानेवारीतच पुसलं होतं."

२१ फेब्रुवारी
जानेफळ. पंजाबराव ओसरीवर बसला होता, आई झुंबरबाई आत जात्यापाशी. मी अहवाल वाचला, सगळा, गोजरबाई आणि माझ्या खोटेपणासकट.

पंजाबराव मांडीवर थाप मारून हसला. "अबे लेका, एका दान्यापायी तू आठ एकर नाही म्हनून राह्यला? पुडीवर छापू, निवडून घ्या म्हनून!"

"तिला वाचता येत नाही. दिसतही नाही."

"मंग दहा बाया लावू निवडाले."

"त्याच पैशात सेलमचा आणून विकशील."

आतून जात्याची घरघर थांबली होती. झुंबरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसेच.

"पंजाब, तू मले ह्याच साबुदान्याची उसळ खाऊ घातली ना? साऱ्या एकादश्या?"

"माय, तू तं निवडून..."

"म्या निवडला. माह्ये डोळे आहेत अजून." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या बाईचं नाव काय म्हनलं?"

"गोजरबाई."

"तिले सांग, झुंबरनं पुढच्या सोमवारचा उपास तिच्या नावानं धरला. खळं आमचं, जवारी आमची." मग लेकाला म्हणाल्या, "ते वरचं खडकाचं टेकाड आहे ना, जठी काहीच पिकत नाही, तठी फरशी घाल. जवारीचं पोतं तठी चढू द्याचं नाही. जो झोळी हालवीन त्याचं धोतर निराळं. हे झालं की मंग आठ एकर."

"माय, वरीस जाईन त्यात."

"जाऊ दे. रामेश्वराहून आनल्यापासून तीन गेलेच."

पंजाबराव बराच वेळ अहवालाची पाने उलटत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मंग औंदा नाही, उकंड्या."

"औंदा नाही," मी म्हणालो.

बस स्टँडपर्यंत तो सोबत आला. बस सुटताना खिडकीला धरून म्हणाला, "दोन एकर राहू देतो. संत्री नाही लावत."

२७ फेब्रुवारी
कंपनीला होकार कळवला. चिखलीतले प्रत्येक दुकान मला हाक मारते. अकोल्यात मला पहिल्यांदा नाव सांगावे लागेल.

घरी आलो तर अन्नपूर्णा भांडी पोत्यात भरत होती. पितळी डबे आधी, मग तवे.

"पाठवलं पत्र?"

"पाठवलं."

तिने पोत्याचे तोंड बांधले. मला वाटले आता ती रडेल किंवा नळाच्या पाण्याचे काही बोलेल. ती म्हणाली, "अकोल्यात दुकानं किती असतील?"

"शेदीडशे तरी."

"ते तुम्ही पाहा. घरं मी पाहते. साबुदाना घेते कोन, निवडते कोन, डोळे कोनाचे गेले. वरीसभरात सारं कळीन." मग दुसऱ्या पोत्यासाठी सुतळी शोधत माझ्याकडे हात केला. "एक कोरी वही द्या. तुमच्यातली नको, वेगळी."

मी कंपनीची नवी वही कपाटातून काढून दिली.

तिने ती उघडली, पहिले पान मागेपुढे करून पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात पयले काय लिहाचं असते?"

"तारीख," मी म्हणालो.